नळी, फुगा, जाळी

"काकांना अटॅक आला होता, पण वेळेवर नेलं. दोन स्प्रिंगा टाकल्या. चौथ्या दिवशी घरी." लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सोसायटीच्या मीटिंगनंतरच्या गप्पांत असं वाक्य आता सहज कानावर पडतं. सांगणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, नवल मात्र नसतं. मनगटात किंवा जांघेत एक बारीक भोक पाडायचं, त्यातून तार आत सरकवायची, तारेवरून फुगा आणि फुग्यावर बसवलेली जाळी न्यायची आणि छाती न उघडता हृदयाची तुंबलेली वाट मोकळी करायची, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे. जेमतेम पन्नास वर्षांपूर्वी हीच कल्पना घेऊन परिषदेला गेलेल्या एका तरुण डॉक्टरला मान्यवरांनी हसण्यावारी नेलं होतं. त्याच्याही आधी ज्याने ही नळी प्रथम आत घातली, त्याची तर नोकरीच धोक्यात आली होती.

गोष्टीची सुरुवात होते १९२९ साली, बर्लिनपासून जवळच्या एबर्सवाल्डे या गावातल्या छोट्या रुग्णालयात. वेर्नर फोर्समान तिथे नवखा डॉक्टर होता, वय २५. एका जुन्या चित्राने त्याला झपाटलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतल्या शिरेतून थेट हृदयात नळी घालून आतला दाब मोजला होता, त्याचं ते चित्र. जे घोड्याला सोसतं ते माणसाला का सोसू नये, असा त्याचा सरळ प्रश्न होता. त्या काळी मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला औषध द्यायचं तर छातीतून हृदयात सुई खुपसत. फोर्समानला त्यापेक्षा सुरक्षित रस्ता हवा होता. वरिष्ठांनी साफ नकार दिला.

पण निर्जंतुक अवजारांच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे होती. फोर्समानने तिला आपलं म्हणणं इतकं पटवलं की तीच म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. दुपारच्या निवांत वेळी त्याने तिला टेबलावर झोपवलं, हातपाय बांधले, तिच्या हाताला आयोडीनही लावलं. मग तिची नजर चुकवून स्वतःच्या डाव्या कोपराजवळची शीर उघडली आणि मूत्रमार्गासाठी वापरायची रबरी नळी आत ढकलायला लागला. काय चाललंय हे डिट्झेनच्या लक्षात आलं तेव्हा ती संतापली. पण बांधलेलं माणूस काय करणार? तिला सोडवून, हातात लोंबणारी नळी तशीच सांभाळत, तो जिने उतरून क्ष-किरण विभागात गेला. एका सहकाऱ्याने धावत येऊन नळी ओढून काढायचा प्रयत्न केला, त्याला याने लाथेने दूर ठेवलं. पडद्यावरचं चित्र आरशात बघत त्याने नळी ६५ सेंटिमीटरपर्यंत सरकवली. टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचलं आणि फोटो निघाला.

धाडसाचं कौतुक करताना आपण बहुधा एक विसरतो. त्या दुपारी जी बाई बांधली गेली, तिची फसवणूकच झाली होती. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीने या प्रयोगाला दारात उभं केलं नसतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फोर्समानचा लेख छापून आला, आणि पुढे बर्लिनच्या नामांकित रुग्णालयातल्या सर्वशक्तिमान शल्यचिकित्सकाने, फर्डिनांड झाउअरब्रुखने, असल्या युक्त्या सर्कशीत शोभतात असं म्हणून त्याची बोळवण केली. फोर्समान मूत्रविकारांकडे वळला. नाझी पक्षाचा सभासद झाला, युद्धात सैन्याचा डॉक्टर झाला, युद्धकैदी झाला. जर्मनीतल्या एका लहानशा गावात तो मूतखड्यांचे रुग्ण तपासत असताना, १९५६ साली, त्याला नोबेल पारितोषिक मिळाल्याची बातमी आली. बरोबरीचे मानकरी होते आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स. त्यांनी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात १९४०च्या दशकात हीच नळी शिस्तीने वापरून हृदयाच्या कप्प्यांतला दाब, प्राणवायू आणि रक्ताचा ओघ मोजण्याचं शास्त्र उभं केलं होतं.

हृदयाच्या आत डोकावता येऊ लागलं, पण हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अजून अंधारातच होत्या. या धमन्या पेन्सिलीपेक्षा बारीक, तीन-चार मिलिमीटरच्या. बहुतेक अटॅक त्यांच्यातच घडतात. त्यांचं चित्र घ्यायचं तर क्ष-किरणांत दिसणारा द्रव थेट त्यांत सोडायला हवा. आणि तसं केलं तर हृदय थरथरून थांबेल आणि माणूस जाईल, अशी त्या काळच्या डॉक्टरांची ठाम समजूत होती.

ती समजूत एका अपघाताने मोडली. ३० ऑक्टोबर १९५८, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचं तळघर. मेसन सोन्स एका २६ वर्षांच्या तरुणाच्या झडपेची तपासणी करत होते. यंत्राची रचनाच अशी होती की सोन्स स्वतः टेबलाखालच्या खड्ड्यात बसून पडद्याकडे बघायचे. नळीचं टोक महाधमनीत आहे अशा समजुतीने द्रव सोडला गेला, आणि पडद्यावर उजवी हृदयधमनी झाडाच्या फांदीसारखी उजळून निघाली. नळी चुकून तिच्या तोंडात घुसली होती. "काढा, काढा" म्हणून ओरडत सोन्स खड्ड्यातून वर चढले. मात्र तोवर सुमारे ३० मिलिलिटर द्रव आत गेला होता. ईसीजीची रेषा सपाट झाली. आता छाती फाडून हृदय हाताने दाबावं लागणार म्हणून ते चाकू शोधू लागले, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की हृदय थरथरत नाहीये, नुसतं थांबलं आहे, आणि माणूस अजून शुद्धीवर आहे. त्यांनी त्याला जोराने खोकायला सांगितलं. तीन-चार दणदणीत खोकल्यांनी द्रव पुढे सरकला आणि ठोके परत सुरू झाले.

दुसऱ्या कुणी देवाचे आभार मानून विषय तिथेच सोडला असता. सोन्स विचार करत बसले: एवढा द्रव सोसतो, तर थोडासा मुद्दामच सोडला तर? हृदयधमन्यांच्या अँजिओग्राफीचा जन्म या प्रश्नातून झाला. हृदयाच्या धमन्यांचा नकाशा हाती आला, कुठे किती अडथळा आहे ते दिसू लागलं. त्याच क्लीव्हलँडमध्ये १९६७ साली अर्जेंटिनाहून आलेल्या रेने फावालोरो यांनी पायातली शीर काढून अडथळ्याला वळसा घालणारी बायपास शस्त्रक्रिया रूढ केली. बायपासने असंख्य लोकांना जगवलं. पण त्यासाठी छातीचं हाड करवतीने कापावं लागतं, हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवावं लागतं, आणि घरी आल्यावर कित्येक आठवडे उशी छातीशी धरून खोकावं लागतं.

दरम्यान अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगनमधल्या पोर्टलंडला, चार्ल्स डॉटर नावाचा क्ष-किरणतज्ज्ञ वेगळीच खटपट करत होता. अवजारं बनवायला त्याने गिटारच्या तारा वापरल्या, गाडीच्या स्पीडोमीटरची केबल वापरली. त्याचं म्हणणं साधं होतं: नळीने अडथळा बघता येतो, तर नळीनेच तो दूर का करू नये? जानेवारी १९६४मध्ये त्याच्याकडे ८२ वर्षांची एक आजी आली. पायाची बोटं सडत चालली होती, सर्जन म्हणत होते पाय कापा, आजी म्हणत होती मरेन पण पाय देणार नाही. डॉटरने मांडीच्या धमनीतल्या अडथळ्यातून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवल्या. काही मिनिटांत पाय ऊबदार झाला. ती पुढे अडीच-एक वर्षं जगली, शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर. त्याच्याच रुग्णालयातल्या एका सर्जनने मात्र तपासणीच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून पाठवलं होतं: बघा, पण दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेने डॉटरला विक्षिप्त ठरवलं. युरोपात, विशेषतः जर्मन डॉक्टरांत, त्याच्या नावाचं क्रियापद झालं.

ते क्रियापद कानावर पडलेला एक तरुण म्हणजे आंद्रेआस ग्रुंट्झिग. जन्म १९३९, ड्रेस्डेन. झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात काम करताना त्याला डॉटरच्या पद्धतीतली खोट दिसली. जाड नळी घुसवायची तर भोकही तेवढंच मोठं लागतं, आणि आतला मेद खरवडून पुढे वाहत जातो. त्याऐवजी बारीक नळी आत न्यावी आणि जागेवर पोचल्यावर फुगवावी. फुगा तर हवाच, पण कसला? रबराचा फुगा अडथळ्याशी आला की तिथे अंग चोरतो आणि दोन्ही बाजूंना फुगतो, डमरूसारखा. जिथे जोर हवा तिथेच तो ढिला. ग्रुंट्झिगला असा फुगा हवा होता जो ठरलेल्या जाडीपर्यंत फुगेल, त्यापुढे काही केल्या फुगणार नाही, आणि मधल्या कठीण भागावरही सारखाच दाब देईल.

या फुग्याचा कारखाना म्हणजे त्याच्या घरातलं स्वयंपाकघर. दिवसाची ड्युटी संपली की तो, त्याची बायको मिखाएला, रुग्णालयातली त्याची मदतनीस मारिया श्लुंप्फ आणि तिचा नवरा वॉल्टर, असे चौघं टेबलाभोवती बसत. पीव्हीसीच्या बारीक नळ्या तापवायच्या, फुगवून बघायच्या, रेशमी धाग्याने बांधायच्या, चिकटवायच्या, आणि फुटल्या की नव्याने सुरुवात. पीव्हीसीचा मार्ग त्याला एका निवृत्त रसायनशास्त्रज्ञाने, हाइनरिख होप्फ यांनी दाखवला होता. एवढी मोठी गोष्ट जेवणाच्या टेबलावर घडली हे वाचून आपल्याला गंमत वाटते, पण त्यात कारणही दडलेलं आहे. असली अवजारं बनवून द्यायला कुठली कंपनीच उत्सुक नव्हती.

१२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्याने हा फुगा पहिल्यांदा एका रुग्णाच्या पायाच्या धमनीत वापरला. मग त्याचा आणखी लहान अवतार, कुत्र्यांच्या हृदयधमन्यांसाठी. १९७६च्या नोव्हेंबरात मायामीतल्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत त्याने त्या प्रयोगांचा तक्ता भिंतीला लावला. येणारेजाणारे थबकत, बघत, मान हलवत. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले स्पेन्सर किंग हे त्याच शंकेखोरांतले. हे कधीच जमायचं नाही, असं त्यांचं मत होतं. चार वर्षांनी याच किंगनी ग्रुंट्झिगला एमरीत बोलावून घेतलं, यावरून काळ कसा फिरला ते कळावं.

मग आला १६ सप्टेंबर १९७७. झुरिकमधला रुग्ण ३८ वर्षांचा, विमा विकणारा; योगायोगाने ग्रुंट्झिगच्याच वयाचा. हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत, अगदी सुरुवातीलाच, आखूड पण घट्ट अडथळा. बायपास ठरलेलीच होती. नवा उपाय समजावून सांगितल्यावर गडी तयार झाला. सर्जन ओके सेनिंग यांनी शस्त्रक्रियागृह सज्ज ठेवलं, भूलतज्ज्ञ जवळ उभा. सेनिंगचं हे सहकार्य लहान नव्हतं. ज्या पद्धतीने त्यांच्याच विभागाचं काम कमी होणार होतं, तिला त्यांनी पाठबळ दिलं. नळी अडथळ्यापाशी पोचली, फुगा फुगवला, रिकामा केला, पुन्हा फुगवला. रुग्ण पूर्ण जागा. ईसीजीच्या रेषेत बिघाड नाही, ठोके चुकले नाहीत, आणि अडथळ्याच्या पलीकडचा दाब वर चढला. छातीतली कळ गेली ती गेलीच. दहा वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी केली तेव्हा ती धमनी तशीच मोकळी होती.

दोन महिन्यांनी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पुढच्याच परिषदेत पहिल्या चार रुग्णांची हकिगत सांगताना भाषण अर्ध्यात असतानाच टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र त्या टाळ्यांपेक्षा १९७९चा ग्रुंट्झिगचा लेख मोठा वाटतो. पहिल्या ५० रुग्णांचा त्याने हिशोब मांडला: ३२ जणांत जमलं, पाच जणांना तातडीने बायपासला न्यावं लागलं. झाकपाक काही नाही. आणि पुढे दोन गोष्टी लिहिल्या. बायपासला पात्र असलेल्या शंभरांपैकी फार तर १० ते १५ जणांना हा उपाय लागू पडेल. आणि या उपायाची चिठ्ठ्या टाकून, समोरासमोर, रीतसर तुलना व्हायला हवी. शोध लावणाऱ्यानेच आपल्या शोधाला घातलेली ही वेसण होती. तिचं पुढे काय झालं, त्याकडे येऊच.

ग्रुंट्झिगने ही विद्या लपवून ठेवली नाही. १९७८पासून झुरिकला तो चक्क थेट प्रक्षेपण करून शिकवू लागला. तो आत काम करतोय आणि जगभरचे डॉक्टर सभागृहात पडद्यावर बघतायत. काही चुकलं तर तेही सगळ्यांसमोर. त्या शिष्यांमधून भारतातली पहिली फळी तयार झाली. चेन्नईचे डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कळरिक्कल हे त्यांतलं ठळक नाव. १९८०च्या दशकाच्या मध्यावर आपल्याकडे ही फुग्याची पद्धत, म्हणजे अँजिओप्लास्टी, रुजू लागली. १९८५ साल मात्र या शाखेला भोवलं. जानेवारीत मांडीतून अँजिओग्राफी करण्याच्या सोप्या नळ्या देणारे मेल्विन जडकिन्स गेले, फेब्रुवारीत डॉटर, ऑगस्टमध्ये सोन्स. आणि २७ ऑक्टोबरला, खराब हवामानात स्वतःचं विमान चालवत अटलांटाला परतताना, जॉर्जियात झालेल्या अपघातात ग्रुंट्झिग आणि त्याची दुसरी पत्नी दोघंही गेले. त्याचं वय ४६.

मागे उरलेल्यांपुढे दोन दुखणी होती. फुग्याने वाट उघडते म्हणजे खरं तर धमनीचं आतलं अस्तर फाटतं. कधी ते फाटलेलं अस्तर पडद्यासारखं खाली येऊन तासाभरात वाट बंद करी, आणि रुग्णाला पळवत शस्त्रक्रियेला न्यावं लागे. ते टळलं तरी जखम भरताना वण जाड होई. दर तीनांतल्या एकाची धमनी सहा महिन्यांत पुन्हा आवळली जाई. पडक्या विहिरीला आतून कठडा बांधतात तसा धमनीला आतून टेकू हवा होता. हुलिओ पाल्माझ या अर्जेंटिनी डॉक्टरने १९७८ साली ग्रुंट्झिगचं व्याख्यान ऐकलं होतं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात हा टेकू घोळत होता. आकार सापडला तो घराच्या गॅरेजमध्ये गवंड्याने टाकून दिलेल्या, गिलाव्याखाली ठोकायच्या पत्र्याच्या जाळीत: मिटलेली असताना चपटी, ताणली की चौकटी उघडणारी. पैसे कुणी दिले? सॅन अँटोनिओच्या एका हॉटेलवाल्याने, अडीच लाख डॉलर.

माणसाच्या हृदयात पहिली जाळी मात्र १९८६च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरात झाक प्युएल यांनी बसवली आणि पाठोपाठ स्वित्झर्लंडमध्ये उलरिख झिगवार्ट यांनी. (या जाळीसाठीचा स्टेंट हा शब्द आला तो दातांचे साचे घ्यायचा मसाला बनवणाऱ्या चार्ल्स स्टेंट या इंग्रज दंतवैद्याच्या नावावरून. बिचाऱ्याने हृदयाला कधी हात लावला नव्हता.) जाळीने अस्तर कोसळणं थांबलं, पण नवं संकट उभं राहिलं: उघड्या धातूवर रक्त गोठायचं. ते टाळायला रक्त पातळ करायची इतकी औषधं द्यावी लागत की रुग्ण दहा-दहा दिवस रुग्णालयात अडकून पडे. मिलानच्या अँतोनियो कोलोंबो यांनी १९९५मध्ये दाखवलं की जाळी भिंतीला नीट चिकटेल इतकी ताणून बसवली आणि अ‍ॅस्पिरिनसोबत आणखी एक गोळी दिली, तर एवढ्या औषधांची गरजच नाही.

तरी वण वाढायचे ते वाढतच. खिडकीच्या जाळीतून वेल आत शिरावी तसा पेशींचा थर जाळीतून डोकावायचा. त्यावरचा उतारा आला प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीतून. १९६४ साली तिथे गेलेल्या कॅनडाच्या मोहिमेने मातीचे नमुने आणले होते. त्यातल्या एका जंतूपासून मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सहगल यांनी एक रसायन वेगळं केलं. सहगल बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. बेटाच्या रापा नुई या नावावरून रसायनाचं नाव पडलं रॅपामायसिन. कंपनीने ती प्रयोगशाळा बंद करून गाशा गुंडाळला तेव्हा काम थांबलं. सहगलांनी जंतू फेकून न देता घरच्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवले. पुढे कंपनीचं विलीनीकरण झालं, काम परत सुरू झालं, आणि १९९९मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी औषधाला मान्यता मिळाली. पेशींची वाढ रोखायचा त्याचा गुण जाळीला हवाच होता. त्याच वर्षाच्या शेवटी ब्राझीलमध्ये साओ पावलोला एदुआर्दो सोउझा यांनी या औषधाचा लेप दिलेली जाळी पहिल्यांदा बसवली. २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांनी साध्या जाळीच्या रुग्णांपैकी २६.६ टक्क्यांची वाट पुन्हा आवळली होती; लेपाच्या जाळीत शून्य.

शून्य हा आकडा वैद्यकात फार दिवस टिकत नसतो. २००६मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत धक्कादायक आकडे समोर आले. औषधाने वण रोखला, पण जाळीवर चढायचं निरोगी अस्तरही रोखलं होतं. त्यामुळे काही रुग्णांत वर्ष-दोन वर्षांनी अचानक गुठळी होई. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, असं जे आपल्याला आज बजावून सांगतात ते यासाठी. पुढच्या पिढीच्या जाळ्या बारीक तारांच्या आणि सुधारलेल्या लेपाच्या निघाल्या, धोका पुष्कळ कमी झाला. कालांतराने विरघळून जाणाऱ्या जाळीची तर केवढी जाहिरात झाली! २०१६मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०१७मध्ये, गुठळ्यांचं प्रमाण जास्त दिसल्यावर, कंपनीनेच ती बाजारातून काढून घेतली.

आता ग्रुंट्झिगच्या वेसणीकडे, म्हणजे हा उपाय नेमका कुणाला लागू पडतो त्याकडे वळू. आधी अटॅकचं बघू. १९८०मध्ये मार्कस डीवूड यांनी अटॅकच्या पहिल्या काही तासांत अँजिओग्राफी करून दाखवलं की बहुतेकांत धमनी पूर्ण बंद असते, ती गुठळीने. अटॅक म्हणजे काय हेच तेव्हा उलगडलं. वाट जितकी लवकर उघडाल तितका स्नायू वाचेल. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन हा एक उपाय. १९८८च्या एका अवाढव्य पाहणीत १७,१८७ रुग्णांवरून सिद्ध झालं की ते इंजेक्शन आणि साधी अ‍ॅस्पिरिन यांनी मिळून मृत्यू ठळक कमी होतात. सुसज्ज ठिकाणी तातडीची अँजिओप्लास्टी त्याहूनही सरस ठरली. इथे फुग्याच्या आणि जाळीच्या उपकारांबद्दल दुमत नाही.

पण चढ चढताना छातीत दुखतं, थांबलं की राहतं, अशा स्थिर दुखण्याचं काय? जगभर सर्वाधिक जाळ्या बहुधा अशांनाच बसत होत्या. २००७मध्ये २,२८७ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की उत्तम औषधोपचारांना अँजिओप्लास्टीची जोड दिल्याने अटॅक किंवा मृत्यू टळत नाहीत. २०२०मध्ये ५,१७९ रुग्णांच्या आणखी मोठ्या अभ्यासाने, ज्यात भारतातली केंद्रंही होती, जवळपास तेच सांगितलं. मधल्या २०१७मध्ये लंडनच्या राशा अल-लामी यांनी अर्ध्या रुग्णांना नुसतंच टेबलावर झोपवलं, जाळी घातलीच नाही, आणि कुणाला ती बसली हे रुग्णांना कळू दिलं नाही. ट्रेडमिलवर चालण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. त्यांच्याच २०२३च्या पुढच्या अभ्यासात मात्र छातीदुखीची औषधं थांबवलेल्या रुग्णांना जाळीने आराम पडला. म्हणजे जाळी दुखणं कमी करते; स्थिर दुखण्यात आयुष्य वाढवते, असा पुरावा या अभ्यासांत नाही.

हे सगळं डॉक्टरांना ठाऊक असतं. पण हे सगळं जिथे करतात त्या कॅथलॅबबाहेर मीही उभा राहिलो आहे. आतून कुणीतरी येतं, पडद्यावरची आवळलेली रेघ दाखवतं, "नव्वद टक्के ब्लॉक आहे, टाकून घेऊ?" म्हणतं, आणि नातेवाइकांचा हात पेनाकडे जातो. अडथळा डोळ्यांनी दिसला की तो काढायलाच हवा असं वाटतं. नळाच्या पाइपात कचरा अडकला तर आपण हेच करतो ना? धमनी मात्र नळाच्या पाइपासारखी नसते, आणि अटॅक कित्येकदा ५० टक्क्यांच्या आतल्या, कुणाच्या डोळ्यांत न भरलेल्या मेदाच्या गाठी फुटून येतो. तिथे कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि सुटलेली तंबाखू हीच औषधं.

नळीची झेप इथेच थांबलेली नाही. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रूआँ इथे आलँ क्रिबिए यांनी शस्त्रक्रियेला नाकारलेल्या ५७ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयात नळीवाटेच नवी झडप बसवली. तो रुग्ण काही महिनेच जगला. पण २०१०मध्ये अशाच नाकारलेल्या ३५८ वृद्धांच्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू ५०.७ टक्क्यांवरून ३०.७वर आले. त्यानंतर कुणी क्रिबिएंना वेड्यात काढलं नाही.

आपल्याकडे या इतिहासाला आणखी एक अध्याय जोडला गेला, तो पैशाचा. औषधाच्या लेपाच्या जाळीची सरासरी छापील किंमत १ लाख २१ हजारांच्या आसपास होती, आणि आयातदारापासून रुग्णापर्यंतच्या साखळीत सगळ्यांत मोठा नफा रुग्णालयांच्या पदरात पडतो, असं राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या छाननीत दिसलं. दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, जाळीचा अत्यावश्यक यादीत समावेश झाला, आणि १४ फेब्रुवारी २०१७ रोजी, अगदी हृदयाच्या चिन्हांनी दुकानं सजली होती त्या दिवशी, दर बांधले गेले: साधी जाळी ७,२६० रुपये, लेपाची २९,६०० रुपये. काही परदेशी कंपन्यांनी महागडी मॉडेल मागे घ्यायची परवानगी मागितली, आणि बिलातल्या बाकीच्या रकमा फुगल्याच्या तक्रारीही झाल्या. महाराष्ट्रात २०१२पासूनच्या आरोग्य योजनेने, जी आता महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाने चालते, पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर अँजिओप्लास्टी मिळू लागली होती. किंमत खाली आली, योजना आली, पण अंतर तेवढंच राहिलं. कॅथलॅब पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली. भामरागड किंवा धडगावच्या माणसाला मात्र अटॅकचे पहिले सोन्यासारखे तास रस्त्यातच घालवावे लागतात. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं, तर तिथे तेच ग्रुंट्झिगच्या फुग्याची जागा भरून काढतं.

म्हणून छातीत कळ आली, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं उतरलं तर गॅस म्हणून सोडा-लिंबू पीत बसू नका. ईसीजी निघेल अशा सगळ्यांत जवळच्या दवाखान्यात जा. आणि कॅथलॅबबाहेर कुणी कागद पुढे केला, तर सही करण्याआधी एवढं जरूर विचारा: डॉक्टर, हा अटॅक आहे, की आधी गोळ्यांनी बघता येईल असं दुखणं आहे?